काळी दोनवरचं कुंकू

१. नमन

रामनवमीच्या आदल्या दुपारी हमझानं राममंदिराच्या सभामंडपात खोक्याची कळ दाबली, आणि कर्ण्यातून काशीरामबुवांच्या आवाजाऐवजी चिमणीचा चिवचिवाट बाहेर पडला.

पाळणा सजवणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. खांबाला टेकून उद्यासाठी वाती वळत बसलेल्या मृणालीताई आगाशे वकिलांना आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा केलीन. चिवचिवाट काही क्षण चालला, शेवटी 'टिक्टिक्' असं काहीतरी वाजलं आणि मंडपात शांतता पसरली.

"परत लाव रे," कोणीतरी म्हणालं.

हमझानं परत लावलं. परत चिमणी.

हा खोका म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी अहमदभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. मंदिराचा कर्णा गेली कित्येक वर्षं तेच लावायचे. दुबईहून परत येताना त्यांनी एक राखाडी, दगडासारखं जड यंत्र आणलं होतं, कोणीतरी वापरून टाकलेलं. त्याला सॅम्पलर म्हणतात. ते काही क्षण कान देऊन ऐकतं, ऐकलेलं फ्लॉपीवर ठेवतं, आणि जोडलेल्या कीबोर्डची कळ दाबली की जसंच्या तसं बोलून दाखवतं. डावीकडची कळ दाबली तर जाड, उजवीकडची दाबली तर बारीक. मुंबईत अशा खोक्यांना आता कोणी विचारत नव्हतं, सगळे कॉम्प्युटरवर गेले होते. पण त्यातून निघणाऱ्या आवाजाला एक पोत होता. जांभ्याच्या भिंतीवरून तळहात फिरवावा, तसा खरखरीत आणि उबदार.

काशीरामबुवांनी जन्मात कधी कीर्तन भरू दिलं नाही. "कीर्तन गरम वाढायचं असतं, डब्यात भरून ठेवायला तो काय चिवडा आहे?" असं म्हणायचे. पण अहमदभाई मंडपाच्या पायरीवर बसून त्यांचं प्रत्येक कीर्तन ऐकायचे. त्या मैत्रीखातर बुवांनी खोक्याला एक गजर दिला. दोन अटींवर. नाव मध्येच तोडायचं नाही. आणि माझा आवाज माझ्याच सुरात वाजवायचा, पोरांच्या खेळण्यासारखा वरखाली करायचा नाही. अहमदभाईंनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, तेव्हा बुवांनी स्वतः त्या गजराच्या कळेवर कुंकू लावलं.

पुढच्याच वर्षी बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून रामजन्माला, पाळण्याची दोरी ओढली की अहमदभाई ती कुंकवाची कळ दाबत. बुवांचा गजर मंडपात घुमायचा, शेवटी त्यांच्या चिपळ्या दोनदा वाजायच्या. 'माझं झालं, आता तुम्ही म्हणा,' अशी ती खूण. मग सारा मंडप म्हणू लागायचा. खुर्चीतले बुवा आपलाच आवाज ऐकत डोळे मिटून बसायचे. खोक्यात घालण्याआधी गजर ज्या कॅसेटवर भरला, ती मूळ कॅसेट एका पावसाळ्यात बुरशीनं खाल्ली. उरली ती एकच फ्लॉपी.

या हिवाळ्यात अहमदभाई गेले. दुकान आणि खोका पुतण्याच्या, हमझाच्या हाती आला. आणि पहिल्याच वर्षी हे.

बुवांच्या पत्नी गोदूबाई पुढं आल्या. त्यांनी कीबोर्डची कड धरली. "हमझा, हे कोण बोलतंय रे? ह्यांचा आवाज कुठं गेला?"

तेवढ्यात मागून एक आवाज आला. "लग्नातली नाचाची गाणी ह्याच खोक्यावर करतो तो. पुसलंन असणार!"

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. "उद्या बारापर्यंत बुवांचा आवाज आला तर ठीक," त्यांतले एक म्हणाले. "नाहीतर ह्या पोराचा आणि देवळाचा संबंध संपला."

गोदूबाई मृणालीताईंकडं वळल्या. "वकिलीणबाई, तुम्ही बघा. या वर्षी त्यांना ऐकू येतंय. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?"

२. पूर्वरंग

कोर्टात मृणालीताईंचा दरारा असा, की साक्षीदार त्यांच्याकडं न बघता न्यायाधीशांकडं बघून उत्तरं देत. कीर्तनात मात्र त्या पुढच्या रांगेत शाळकरी पोरीसारख्या बसत. आज त्यांची अवस्था दोन्हींच्या मधली होती. कायदा सगळा पाठ, पण फ्लॉपी कोणत्या बाजूनं आत जाते, तेही ठाऊक नाही.

हमझाच्या दुकानात त्या वातींचं तबक मांडीवर घेऊन बसल्या. हात चालू असले की त्यांचं डोकं चालायचं. समोर अहमदभाईंचा दोन कॅसेटचा जुना डेक होता. अहमदभाई त्यावर लोकांना भजनांच्या कॅसेटी भराभर उतरवून द्यायचे, तेव्हा रस्त्यावरून जाताना आतून उंदरांचं कीर्तन चालल्यासारखं वाटायचं. ते नाव मृणालीताईंनीच ठेवलेलं, आणि अहमदभाई त्यावर पोट धरून हसले होते.

"खरं सांग. पुसलंस?"

"नाय ताई. हे बघा." हमझानं फ्लॉपी पुढं केली. "हिची ही खिटी सरकवल्याशिवाय वर काय लिहिताच येत नाय. खिटी चाचांनी लावली तशीच हाय."

"खिटी सरकवून परत लावता येते?"

हमझानं फ्लॉपी परत खोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "येते."

मृणालीताईंना त्याचा खरेपणा आवडला आणि काळजीही वाटली. असा आरोपी स्वतःच स्वतःला फासावर देतो. "तू काय काय दाबून पाहिलंस?"

"कुंकवाचीच कळ. बुवांच्या फ्लॉपीला दुसऱ्या कळेला बोट लावायचं नाय, चाचांनी शपथ घातलेली. आजपर्यंत लावलं नाय."

मृणालीताईंनी मान डोलावली. त्यांनीही लावलं नसतं.

"ह्या खोक्यात मावतं तरी किती?"

"लय थोडं. बुवांचा गजर खरं तर मावायचाच नाय, लांब हाय."

"मग मावला कसा?"

"चाचांनी मावीवला. बोलले, बुवांनी नाव तोडू नको सांगितलंय, मग जागा करायलाच हवी. कशी केली, ते काय मला सांगितलं नाय."

बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की मुलगा खोटं बोलत नाही. पण मग खोटं बोलतंय कोण?

विठू मृदंगी देवळामागच्या पारावर बसला होता. बुवांच्या मागं त्यानं हयात घालवलेली. खोका आला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तोच.

"माझ्यावर संशय हाय ना?" तो मृणालीताईंना पाहताच उसळला. "मीच बोल्लो होतो, यंत्रात देवाचं नाव घालू नका. पण बुवांचा आवाज मी मारीन? हात झडतील माजे!"

"परवा तू दुकानापाशी घुटमळत होतास, असं लोक सांगतात."

विठूचा आवाज एकदम खाली आला. "ऐकायचा होता मला. उत्सवात गर्दी असते ओ, रडता येत नाय. दुकान बंद होतं, परत आलो."

मृणालीताईंनी एक वात संपवून दुसरी घेतली. "आज तो चिवचिवाट ऐकलास तू. काय वाटलं?"

"काय वाटायचं? येड लागल्यासारखं झालं. माजी बोटं मांडीवर आपसूक चालायला लागली, आणि तीपण दुगणीत! चिमणीच्या आवाजावर कोण ठेका धरतं काय? म्हातारा झालो म्हनायचं, दुसरं काय."

बिचारा हादरलाय, असं मनाशी म्हणत त्या उठल्या.

राहिला गौरव, बुवांचा मुलगा. एस. टी. स्टँडजवळ त्यानं कॉम्प्युटरवरचा रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला होता. आत थंडगार. भिंतींना लाल कापड.

"फ्लॉपी मी मागितली होती, हे खरं आहे," तो आधीच म्हणाला. "बाबांचा आवाज कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायचा होता, आणि खोक्याचा तो पोत कशानं येतो, ते शोधायचं होतं. वर्षभर डोकं फोडतोय मी. स्वच्छ रेकॉर्डिंग केलं, मुद्दाम मळवलं, वर खरखर घातली. सगळं करून पाहिलं. तो पोत येतच नाही. माझं सगळं संगमरवरासारखं गुळगुळीत निघतं."

"हमझानं फ्लॉपी दिली नाही, म्हणून..."

"नाही दिली, म्हणून मी त्याला गुढीपाडव्याला नवा कीबोर्ड दिला!"

"म्हणजे लाच."

"भेट हो, वकिलीणबाई! तुम्हाला सगळीकडं खटलाच दिसतो. अहमदकाकांच्या छोट्या कीबोर्डच्या कळा खुळखुळ्या झाल्या होत्या. उत्सवात दगा द्यायचा, म्हणून हा मोठा दिला. त्यावर कुंकूसुद्धा मीच लावलं, हमझा देवाच्या कामाला हात लावायला बिचकत होता. मधल्या सप्तकातली काळी दोन. बाबांचा सूर काळी दोन, हे अख्ख्या रत्नागिरीला माहीत आहे."

तेही खरं होतं. पेटीवाल्याला कोणी सूर विचारायची गरजच नसे. बुवा उभे राहिले की त्याचं बोट आपसूक काळी दोनवर जायचं.

मृणालीताई बाहेर आल्या आणि उन्हात नुसत्याच उभ्या राहिल्या. तिघांनाही कारण होतं, तिघांनाही संधी होती, आणि तिघांच्याही डोळ्यांत बुवांबद्दल माया होती. असा खटला त्यांच्यापुढं कधी आला नव्हता. गुन्हा झालाय आणि गुन्हेगार सापडत नाही, हे त्या पचवू शकल्या असत्या. इथं गुन्हा तरी झालाय का, तेच कळेना.

३. बुक्का

पूर्वरंग संपला की बुवा थोडे थांबतात, श्रोत्यांच्या कपाळाला बुक्का लागतो, तसं त्यांनीही थांबायचं ठरवलं. त्या बुवांच्या घरी गेल्या.

बुवा खाटेवर उशीला टेकून होते. गोदूबाईंनी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण घरात काहीतरी बिनसलंय, हे त्यांना कळलं होतं. मृणालीताईंनी त्यांच्या पायांना हात लावला आणि कोर्टात कधी बोलल्या नसत्या इतक्या हळू म्हणाल्या, "बुवा, तुमचा आवाज हरवलाय खोक्यातला. चिमणीसारखा येतोय."

बुवांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली. मृणालीताईंना वाटलं, रडतायत. पण ते हसत होते! मग त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर आला. बोटं पेटीवर ठेवावीत तशी वळली, आणि हात कडेवरून डावीकडं, डावीकडं सरकत गेला. शेवटी एक बोट कडेवर जोरात आपटलं.

"हल्ली हात असाच भिरभिरतो त्यांचा," गोदूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मृणालीताई काहीच न कळून परत निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांच्या मनात आलं, अहमदभाईंच्या घरी मात्र अजून कोणी गेलेलं नाही. सगळे त्यांच्या पुतण्याबद्दल बोलतायत, पण घरच्या बाईशी कोणी बोललेलं नाही.

अहमदभाईंच्या पत्नी शरीफाभाभी दारातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले. "या, मृणालीबाय. तुमीच तेवढ्या आलाव." पाणी पुढं ठेवून त्या खाली बसल्या. "माझ्या माणसानं देवळाचा कर्णा लावला, कधी एक दिवस चुकवला नाय. रोज्यात पण जायचा. आणि आज त्याच्या पुतण्याला चोर बोलतात. हमझा बोलतो, मी मस्कतला जातो, इकडं राहायचं नाय मला."

"भाभी, उद्या बारापर्यंत थांबवा त्याला." मृणालीताईंनी त्यांचा हात धरला. "मला सांगा, अहमदभाईंचं अजून काही सामान घरात आहे? खोक्याचं?"

"एकच हाय. ती जुनी कळांची पट्टी. नवी आली तेव्हा हमझा बोलला, भंगारात देऊ." शरीफाभाभींनी कानाच्या पाळीला हात लावला. "मी बोल्लू, खबरदार! त्यावर तुमच्या देवाचं कुंकू लागलेलं. भंगारात कसं टाकू? अल्लाला काय तोंड दाखवू?"

त्यांनी कपाटातून हिरव्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि जपून उलगडलं. पिवळ्या पडलेल्या कळांचा छोटा कीबोर्ड. मृणालीताईंनी वाकून पाहिलं.

कुंकू होतं. काळी दोनलाच होतं. पण मधल्या सप्तकात नव्हे. अगदी डाव्या टोकाला, खर्जातल्या काळी दोनवर.

त्यांच्या हातातला पाण्याचा पेला कलंडला.

४. उत्तररंग

रामनवमीची सकाळ. मंडपात पंच, गोदूबाई, विठू, गौरव, हमझा. शरीफाभाभी पायरीशी उभ्या, जिथं अहमदभाई बसायचे तिथं.

"पूर्वरंगात अभंग सांगतात आणि उत्तररंगात कथा," मृणालीताई म्हणाल्या. "कथा ऐकताना आपण अभंग विसरतो, पण उत्तर त्यातच असतं. काल मला तुम्ही सगळ्यांनी उत्तर सांगितलंत. मीच खुळी, मी गुन्हेगार शोधत बसले."

"म्हणजे कोण चोर?" एका पंचांनी घाईनं विचारलं.

"थांबा हो. बुवांचा आवाज खोक्यात मावत नव्हता. बुवांनी नाव तोडू दिलं नव्हतं. मग अहमदभाईंनी जागा कशी केली? त्यांच्याकडं डबल डेक होता. भराभर कॅसेटी उतरवताना त्यातून काय ऐकू यायचं?"

"उंदरांचं कीर्तन!" गोदूबाईंच्या तोंडून निघून गेलं आणि त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या.

"ते उंदीर म्हणजे भजनच असायचं, दुप्पट वेगानं धावणारं. अहमदभाईंनी बुवांचा गजर तसाच दुप्पट वेगानं खोक्याला ऐकवला. अर्ध्या वेळात अख्खं नाव मावलं, कुठं तुटलं नाही. विठू, तुझी बोटं काल चिमणीबरोबर कशी चालली?"

विठूचे डोळे मोठे झाले. "दुगणीत," तो पुटपुटला. "म्हणजे तो ठेका..."

"बुवांचाच. फक्त दुगणीत, दुप्पट लयीत. म्हातारा नाही झालास तू. आणि शेवटचं ते टिक्टिक् म्हणजे बुवांच्या चिपळ्या. तो चिवचिवाट म्हणजे बुवाच होते. फ्लॉपी कोणी बदलली नाही, कोणी पुसली नाही."

"पण मागच्या वर्षी तर बुवांचा आवाज नीट आला होता," पंच म्हणाले.

"कारण अहमदभाई कळ दाबायचे ती डावीकडची. एक अख्खं सप्तक खाली. एक सप्तक खाली गेलं की खोक्यातला आवाज निम्म्या वेगानं चालतो. दुप्पट वेगानं भरलेला, निम्म्या वेगानं बाहेर काढला, की बुवा पुन्हा बुवा! दसऱ्याला बुवांनी कुंकू लावलं ते त्या डावीकडच्या कळेवर, कारण त्यांचा खरा सूर तिथंच ऐकू येत होता. काल बुवांनी मलाही बोट सरकवून दाखवलं. मला वाटलं, हात भिरभिरतोय."

गौरवनं कपाळावर हात मारला. "आणि मी नव्या कीबोर्डवर मधल्या काळी दोनला लावलं!"

"तू एकटाच नाही. इथल्या कुणीही तिथंच लावलं असतं. कुंकू काळी दोनला आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, कोणत्या सप्तकातल्या ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं. आणि हमझानं दुसरी कळ दाबून पाहिली असती, तर कालच उलगडलं असतं. पण त्याला शपथ होती. बुवांच्या अटीचा मान राखला, म्हणून हा चोर ठरला." त्या पंचांकडं वळल्या. "तुमच्या या खटल्यात गुन्हा नाही. एकाची भेट आहे आणि एकाची निष्ठा आहे. दोन्ही एकमेकींना आडव्या आल्या, एवढंच."

ज्या पंचांनी काल संबंध संपवायची भाषा केली होती, ते पुढं आले. त्यांनी कर्ण्याकडं बघितलं. "हमझा," ते म्हणाले, "कर्ण्याची तार सैल झालीय. तेवढी बघतोस का?"

हमझानं मान हलवली. पण हात खिशातच राहिले. "ताईंचं खरं असेलही," तो हळूच म्हणाला. "पण अजून वाजवून कोणी पाहिलंय?"

कोणीच पाहिलं नव्हतं. सगळा युक्तिवाद एका कळेवर उभा होता, आणि कालच्या प्रकारानंतर ती कळ आता बुवांच्या समोरच दाबायची, असं ठरलं होतं.

५. गजर

बाराला थोडा अवकाश असताना बुवांची खुर्ची मंडपात आली. शरीफाभाभींनी हिरव्या ओढणीतून जुना कीबोर्ड काढून हमझाच्या हाती दिला. त्यानं तो खोक्याला जोडला. बुवांनी तो पाहिला आणि पुन्हा चेहऱ्याच्या एका बाजूनं हसले. गोदूबाईंनी त्यांच्या डाव्या हातात चिपळ्या दिल्या. गेली दोन वर्षं देत होत्या, पण हात नुसता मांडीवर पडून राहायचा.

पाळण्याची दोरी ओढली. गुलाल उडाला. हमझानं डोळे मिटून डावीकडची काळी दोन दाबली.

पहिला क्षण काहीच आलं नाही. मृणालीताईंच्या हातातली वात तुटली.

मग कर्ण्यातून काशीरामबुवा आले. भरदार, खरखरीत, जांभ्यावरून वाहणाऱ्या पऱ्ह्याच्या पाण्यासारखे. रामनाम मंडपाच्या कौलांना जाऊन लागलं. नाव कुठंही तुटलं नाही.

"हे असं!" गौरव मृणालीताईंच्या कानाशी कुजबुजला. तो रडत होता. "कापड ताणलं की धाग्यांमधून उजेड येतो ना, तसं. घाईनं भरायचं आणि सावकाश ताणायचं. त्या ताणण्यातून येतो तो पोत. मी वर्षभर आवाज मळवत बसलो, आणि अहमदकाकांना फक्त जागा करायची होती."

खोक्यातला आवाज संपला. शेवटी चिपळ्या दोनदा वाजल्या. माझं झालं, आता तुम्ही म्हणा.

पण कोणीच म्हणेना. विठूचे हात मृदंगावर नुसते ठेवलेले, गोदूबाईंचा पदर तोंडाशी. मंडपभर माणसं उभी आणि सगळ्यांचा आवाज कुठंतरी अडकलेला.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. अडखळत, पण स्पष्ट.

टक्. टक्.

बुवांचा डावा हात वर होता. चिपळ्या अजून थरथरत होत्या, आणि नजर रोखलेली होती मंडपावर, पूर्वी कीर्तनात कोणी पेंगलं की रोखायचे तशी.

विठूनं मृदंगावर थाप मारली, आणि सगळा मंडप एकदम म्हणू लागला. पायरीवर शरीफाभाभी, अहमदभाई बसायचे तिथं बसून, डोळे मिटून ऐकत होत्या.